तिजोरी आणि नीती

महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला. तो एक दिवसही अंमलात आला नाही. अखेर २०२३ साली तो रद्द झाला. हे योग्यच झाले. जुगारावरील कर नवी संपत्ती निर्माण करीत नाही. तो हरणाऱ्याच्याच खिशातून येतो. जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कापसाचा पैसा एका हंगामातच मिळतो. तो जुगाराच्या फडावर गेला, तर पुढील बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते. तथापि १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्डे बंद करावयाचे आणि १९६९ साली सरकारनेच लॉटरी काढावयाची, ही विसंगती कॅसिनो कायद्याहून जुनी आहे. नागरिकाच्या हानीवर तिजोरी भरावयाची काय, याचे उत्तर शासनाने एकदा स्पष्टपणे द्यावे.