घरापुरती ज्वारी



रविवारी आईला घेऊन मंगळवेढ्याला मावशीकडं गेलो. मोहोळवरून कुरुल, कामती, बेगमपूर असा आमचा नेहमीचा रस्ता. घाई नव्हती, म्हणून गाडी चाळीसच्या पुढं नेलीच नाही. आई पुढच्या सीटवर, मागं दोन पोरं. आईचं खिडकीतून एकच काम चाललेलं, ज्वारी मोजायचं. "हा ऊस. हा पण ऊसच. ही मका. ही बघ ज्वारी, पण राखायला कोण दिसतंय का? नुसती पाखरं बसल्यात." बेगमपूरला भीमेच्या पुलापर्यंत तिची मोजणी सात तुकड्यांवर थांबली. त्यातला एकही एकराच्या वरचा नव्हता. लग्न होऊन ती याच वाटेनं बैलगाडीतून आली तेव्हा दोन्ही बाजूला ज्वारीच होती म्हणते, गाडीतून पलीकडचं गाव दिसत नव्हतं.

वाटेत एक पाटी लागली, "अस्सल गावरान हुरडा". पोरं ऐकंनात. माणशी ४०० रुपये, चौघांचे १६००. आगटी, गोवऱ्या, शेंगाची चटणी, गूळ, दही, सगळं व्यवस्थित. चवीला नाव ठेवणार नाही. शेजारी पुण्याच्या गाडीतनं आलेलं एक कुटुंब होतं. त्यातला माणूस हुरडा तोंडात टाकून म्हणाला, "आजीची आठवण आली." खरंच आली असणार, डोळे भरले होते त्याचे.

मी मनात हिशेब करत होतो. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे आम्ही चौघांनी तासाभरात जेवढे पैसे दिले तेवढ्यात सरकारी भावानं ४२ किलो ज्वारी येते. आमच्या घराला दीड महिना पुरंल एवढी. हुरडावाल्यावर माझा राग नाही, तो शेतकरीच आहे आणि डोकं लावून चार पैसे कमावतोय. त्याला विचारलं, बाकीच्या रानात काय? म्हणाला, "ऊस. हुरड्यात पैसा आहे दादा, ज्वारीत नाही."

माझा राग आपल्यावर आहे. आमच्या गावात कुणालाही विचारा, ज्वारी केलीय का? उत्तर ठरलेलं, "हाय की, घरापुरती." मीही तेच सांगतो. तीन एकर ऊस आणि वीस गुंठे ज्वारी. ऐकायला किती बरं वाटतं, पोरांना घरची भाकरी मिळते, आईचं मन राहतं. पण मंडळी, ही घरापुरती ज्वारीच ज्वारीला मारतीय. स्पष्ट लिहितो, कुणाला लागलं तर लागू दे.

ज्वारी हे एकट्यानं करायचं पीक नाही. शिवारात दोनशे एकर ज्वारी असली तर पाखरं वाटून जातात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं नुकसान. वीस गुंठ्यांचा एकच तुकडा उसाच्या मधी उभा असला की सगळ्या गावाची पाखरं तिथंच. गेल्या साली माझ्या रानात तेच झालं. कणसं टपोरी दिसायची, हातात घेतली की वरून रिकामी. आणि वीस गुंठ्यासाठी दीड महिना गोफण घेऊन माळ्यावर कोण बसणार? मजुरांचंही तसंच. सलग रान असलं तर टोळी येते, उक्तं ठरवते, आठ दिवसांत शिवार मोकळं करून जाते. वीस गुंठ्याला टोळी येत नाही. मग घरच्या बायका. कडब्याचा व्यापारीसुद्धा ट्रक भरत असला तरच गावात शिरतो, माझ्या चारशे पेंढ्यांसाठी तो कशाला वाकडी वाट करील? म्हणजे शेजाऱ्यानं ज्वारी सोडली की माझी महाग होते, माझी सुटली की तिसऱ्याची. आणि प्रत्येकजण म्हणतो, मी सोडली नाही, घरापुरती आहे.

परत गाडीत बसल्यावर मी आईला म्हटलं, तुमच्या वेळेला हुरड्याची मजा असंल. ती म्हणाली, "कसली मजा. आगटीवर गडीमाणसं बसायची. आम्ही राहिलेलं खायचो, तेपण भांडी घासून झाल्यावर." मग काढणीचं बोलायला लागली. पहाटे दव असताना रानात जायचं, कारण ऊन झालं की पानं वाळून झडतात आणि कडब्याची पत जाते. मुळासकट उपटायची, एका हातानं नाही, दोन्ही हातानं. तळव्याला भेगा, त्यात माती. मळणीत कूस अंगाला लागायची ती रात्रभर झोपू द्यायची नाही. आणि त्यातनं उठून शंभर भाकरी. आपण "आईच्या हातची भाकरी" म्हणून लिहितो ना, तो हात असा होता. आमची काढणी अजून त्याच हातावर चालू आहे आणि ते हात आता थकलेत. पुढची सून हे करणार नाही, करूही नये.

आता कृषीवाल्या मित्रांना दोन शब्द. मालदांडी ३५-१ ही निवड आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रातली, स्वातंत्र्याच्या आधीची. अजून लोक तीच मागतात, याचा मला अभिमान आहे. त्यानंतर फुले वसुधा आली, सुचित्रा आली, हलक्या रानाला अनुराधा आली, हुरड्याला फुले मधुर आली. जातीच्या पत्रकात धान्याबरोबर कडब्याचं उत्पादनही तुम्ही छापता. पण शेतकऱ्याला पीक बदलायला सांगताना ते पान उघडत नाही. एका मेळाव्यात मला सांगितलं गेलं, "ज्वारी परवडत नाही, मका करा." मक्याला किती पाणी लागतं, किती युरिया लागतो, ते फळ्यावर आलंच नाही. माझी ज्वारी हस्तात पेरली की जमिनीतल्या ओलीवर येते, मोटारीचं बटण दाबावं लागत नाही, आणि दोन जनावरं उन्हाळाभर कडब्यावर निघतात. कम्बाइन लावा म्हणता, त्यानं दाणा मिळतो पण कडब्याचा चुरा होतो. कडबा अख्खा ठेवून सहा फुटाचं ताट कापून बांधणारं यंत्र लहान शेतकऱ्याला भाड्यानं कुठं मिळतं, हे सांगणारा मेळावा भरवा, मी जेवणाचा खर्च देतो.

आणि सरकारचं बघा. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९, मालदांडीचा ३,७४९. फरक ५० रुपये. चांगल्या मालाला बाजारात याहून जास्त मिळतं हे खरं, पण कागदावरची किंमत ही. २०२३ ला भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, "श्री अन्न" असं नाव मिळालं, पोस्टर लागले. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चांगलंच झालं. पण मानांकन पिशवीवर छापता येतं, उपटायला येत नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मात्र ज्वारी अजून सलग आहे. माचणूर सोडल्यावर आईची मोजणी बंद पडली. दुष्काळात दामाजीपंतांनी जिथं कोठारं उघडली म्हणतात, तिथं आजही मावशीच्या घरी ज्वारीची पोती उतरंडीसारखी लावलेली असतात. मावसभावाला विचारलं, तुम्हाला कसं जमतं? त्याचं उत्तर सरळ होतं. "सगळेच करतात म्हणून जमतं. एकटा असतो तर मीपण सोडली असती."

येताना त्याच्याकडून २० किलो बी आणलंय, पाच एकराला पुरंल. माझं दोन एकराचं खोडवं यंदा मोडणार. शेजारच्या तिघांशी बोलणं झालंय, दोघं तयार, तिसरा म्हणतो बायकोला विचारून सांगतो, जे योग्यच आहे, कारण काढायची तिलाच आहे. तो आला तर पाच एकर एका जागी होईल, राखण पाळीपाळीनं, काढणी उक्ती, कडबा एकत्र विकायचा. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, ती फक्त बांधावर बसून बघणार आहे.

ज्यांनी रीपर बाइंडरनं रब्बी ज्वारी काढली असंल त्यांनी सांगावं, लोळलेल्या ताटाला ते चालतं का, आणि पेंढी किती किलोची पडते.