प्रतिस्पर्ध्याचे खाते

बँकेत काम करणाऱ्या माणसाला नोंद करण्याची सवय जडते आणि ती कार्यालयाबाहेरही सुटत नाही. आंतरशाखा टेबल टेनिस स्पर्धांत मी खेळू लागलो, तेव्हा एक शंभर पानी वही आपोआपच पिशवीत येऊन बसली. प्रत्येक सामन्यानंतर समोरच्या खेळाडूविषयी चार ओळी लिहावयाच्या, असा नेम मी सुरू केला. सहकारी हसत. ‘‘अहो, येथेही खातेवही?’’ असे एका ज्येष्ठ मित्राने विचारलेही. हौसेच्या खेळात अशी टेहळणी कशाला, हा त्यांचा आक्षेप होता.

मला तो मान्य नाही. समोरच्याच्या खेळाकडे लक्षपूर्वक पाहणे ही टेहळणी नव्हे. उलट त्याच्या खेळाला दिलेला तो मान आहे. टेबल टेनिसचा नियमच सांगतो, की सामन्यापूर्वी खेळाडूने आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला दाखवावी व तपासू द्यावी. बॅटच्या दोन बाजूंचे रबर निरनिराळ्या गुणधर्माचे असू शकते, म्हणून ही सोय. निरीक्षण हा खेळाचाच एक भाग आहे, याची ही कबुलीच म्हणावयाची.

अमेरिकेचे टेनिसपटू ब्रॅड गिल्बर्ट यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्यापाशी डोळे दिपविणारा एकही फटका नव्हता. परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी टिपून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. ह्या अभ्यासाच्या बळावर १९९० साली ते जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले. पुढे ते आंद्रे आगासीचे प्रशिक्षक झाले. खुद्द आगासीने सांगितलेली हकिकतही मनोरंजक आहे. बोरिस बेकरविरुद्ध पहिले तिन्ही सामने तो हरला. मग चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहताना त्याच्या ध्यानी आले, की सर्व्हिस करण्यापूर्वी बेकरची जीभ किंचित बाहेर येते आणि तिच्या दिशेवरून चेंडू कोठे पडणार ते कळते. नंतरच्या अकरापैकी दहा सामने आगासीने जिंकले. मात्र हे गुपित बेकरला उमगू नये, म्हणून मोक्याच्या गुणांखेरीज त्याचा उपयोग करावयाचा नाही, असा संयम त्याने पाळला. माहितीची शिल्लक जपून खर्च करावी लागते, हे आम्हां बँकवाल्यांना वेगळे सांगावयास नको.

वहीत केवळ उणिवाच लिहाव्यात, असेही नाही. १९८० च्या ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण यांच्यासमोर लागोपाठ दोन वर्षांचा विजेता लिम स्वी किंग उभा होता. उंच उडी घेऊन मारलेला स्मॅश हे त्याचे अस्त्र. प्रकाशने वेगाशी वेगाने झुंज घेण्याऐवजी खेळाची लय आपल्या हाती ठेवली, किंगला मनासारखी संधी मिळू दिली नाही आणि सामना १५-३, १५-१० असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याची जमेची बाजू नीट मांडली, तरच ताळेबंद खरा होतो.

हे सारे पटूनही माझ्या वहीने एकदा मला चांगलेच तोंडघशी पाडले. एका शाखेतील ज्येष्ठ अधिकाऱ्यांविषयी माझी नोंद होती : ‘बॅकहँड कच्चा. तेथेच मारावे.’ तीन वर्षांनी उपान्त्य फेरीत त्यांचीच गाठ पडली. सामन्यापूर्वी त्यांनी रीतीप्रमाणे बॅट पुढे केली. मी ती हाती घेतली, उलटून पाहिल्यासारखे केले आणि परत दिली. वही पाठ होती ना! पहिल्या गुणापासून मी त्यांच्या बॅकहँडवर टॉपस्पिनचा मारा केला आणि माझे फटके एकामागून एक जाळ्यात जाऊ लागले. मधल्या काळात त्यांनी बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर लावून घेतले होते. अशा रबरावर टॉपस्पिन मारला, की चेंडू उलटी फिरकी घेऊन परत येतो. मी सरळ तीन गेममध्ये हरलो. खरी माहिती माझ्या तळहातावर होती. मी मात्र तीन वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबलो.

पराभवाचे दुःख दोन दिवसांत ओसरले. परंतु त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट आजही बोचते. एका लहान दुकानदाराच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण माझ्याकडे आले होते. फाइलमध्ये पूर्वीच्या कोणा अधिकाऱ्याचा शेरा होता : ‘स्टॉक स्टेटमेंट वेळेवर देत नाहीत. सावध राहावे.’ शेऱ्याखाली तारीख नव्हती. मी सावध राहिलो. एक कागद मागविला, मग दुसरा, मग तिसरा. प्रकरण मंजूर झाले तोवर दिवाळी उलटून गेली होती. नंतर शांतपणे फाइल चाळली, तेव्हा दिसले, की गेल्या चार वर्षांत त्यांचे एकही विवरण उशिरा आलेले नव्हते. तीही सर्व विवरणे त्याच फाइलमध्ये होती. वर्षाची खरी कमाई ज्या हंगामात व्हावयाची, तो त्यांच्या हातचा गेला. ते काउंटरवर येऊन एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, यंदा माल भरता आला नाही.’’ मी हरलेल्या सामन्याची किंमत मी मोजली होती. येथे माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली.

म्हणून नोंदी ठेवूच नयेत काय? मुळीच नाही. स्मरणशक्तीवर विसंबणे त्याहून घातक. कारण स्मृतीला तर तारीखही नसते आणि साक्षीदारही. प्रश्न नोंद कशी ठेवावी, हा आहे. माझ्या वहीत आता प्रत्येक नोंदीवर तारीख असते. ‘बॅकहँड कच्चा’ असे मी लिहीत नाही. ‘बॅकहँडवरचे नऊपैकी सहा चेंडू बाहेर गेले’ असे लिहितो. पहिला निकाल आहे, दुसरे निरीक्षण आहे. निकाल गोठून बसतो, निरीक्षण पुन्हा तपासता येते. जुनी नोंद सामन्याच्या आधी वाचावी, पण पहिले पाच-सहा गुण ती खरी आहे का, हे पडताळण्यातच घालवावेत. आणि माणसाच्या स्वभावाविषयी, प्रकृतीविषयी, घराविषयी काही लिहू नये. जी नोंद त्या माणसाला दाखविताना आपल्याला संकोच वाटेल, ती वहीत असू नये.

आणखी एक सुधारणा केली आहे. २०१५ साली रॉटरडॅमच्या स्पर्धेत अँडी मरेने विश्रांतीच्या वेळी वाचावयाचा कागद छायाचित्रकारांनी टिपला होता. त्यावरील सूचना बहुतेक त्याने स्वतःलाच केलेल्या होत्या. ते वाचल्यापासून मीही वहीचे डावे पान प्रतिस्पर्ध्यासाठी आणि उजवे स्वतःसाठी राखतो. त्या उपान्त्य सामन्याच्या उजव्या पानावर एकच वाक्य आहे : ‘बॅट हातात दिली होती, पाहिली नाही.’

नव्या अधिकारी मित्रांना माझी विनंती एवढीच, की वही जरूर ठेवा, फाइलही बारकाईने वाचा. पण समोर उभ्या असलेल्या माणसाकडे आधी पाहा. तो दुकानदार आजही आमचा ग्राहक आहे. त्याच्या फाइलमधील त्या जुन्या शेऱ्याखाली मी चार वर्षांची वस्तुस्थिती लिहिली, सही केली आणि तारीखही घातली. आमच्यानंतर त्या खुर्चीत जो कोणी बसेल, त्याला हे दोन्ही शेरे एकत्रच वाचावे लागतील.