विसर्गाचा आकडा आणि नदीकाठचा शेतकरी

‘खडकवासला धरणातून मुठा नदीत अमुक हजार क्यूसेक पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे,’ ही सूचना पुणेकरांच्या परिचयाची आहे. आकाशवाणी, वृत्तपत्रे व आता मोबाइल यांद्वारे ती पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर पोहोचते. परंतु ती समजते काय, हा खरा प्रश्न होय.

12 जुलै 1961 रोजी पानशेत व त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटले, त्या वेळी शहरास वेळीच व स्पष्ट सूचना मिळाली नाही, याची खंत जुन्या पिढीस अद्याप आहे. आता साधनांची उणीव नाही. तरीही 25 जुलै 2024 च्या पहाटे विसर्ग सुमारे 35,000 क्यूसेकपर्यंत वाढविला गेला, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले आणि पूर्वसूचना मिळाली नाही, अशी तक्रार रहिवाशांनी केली.

क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट पाणी. त्या हिशेबाने 35,000 क्यूसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे दहा लाख लिटर होय. एवढे सांगूनही, हवेली वा दौंड तालुक्यात मुळा-मुठेच्या काठी ज्याची मोटर बसविलेली आहे, त्यास काय उमगणार? पाणी कोणत्या वेळी येईल व कोठवर चढेल, हेच त्यास हवे असते. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला,’ एवढ्या वाक्यावरून पुणेकर नदीचा अंदाज बांधतो. क्यूसेकच्या आकड्यावरून क्वचितच. प्रत्येक गावात असा एखादा पूल, घाट वा देऊळ असतेच. त्यांच्या खुणा पाटबंधारे खात्याकडून घेऊन स्थानिक वृत्तपत्रांनी व आकाशवाणीने त्या भाषेत बोलावयास हवे.

याबाबत पुण्याचाच एक जुना प्रयोग स्मरणीय आहे. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील 150 खेड्यांसाठी आठवड्यातून दोनदा शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित केले. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. आजचा मोबाइल संदेश एकाच दिशेने जातो. तो कळला की नाही, हे पाठविणाऱ्यास समजत नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत अशी एक बैठक घेऊन ‘इतका विसर्ग म्हणजे आपल्या गावी कोणत्या खुणेपर्यंत पाणी’ हे ठरविल्यास तो संदेश उपयोगी पडेल. मोटर कधी काढावयाची व जनावरे कोठे हलवावयाची, हेही तेथेच ठरावे.

वीज गेल्यावर मोबाइलचा मनोराही बंद पडू शकतो. तेव्हा सेलवर चालणारा लहान रेडिओ घरात असावा. त्यास खर्चही फारसा नाही.