हक्क शिकवून झाला, आता सभा भरवा

२६ नोव्हेंबर आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शाळा, कचेऱ्या, पोलीस ठाणी, सगळीकडे संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होतं. चांगलंच आहे ते. विदर्भाला तर त्याचा अभिमान वाटावा, कारण ई. झेड. खोब्रागडे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना त्यांनी २००५ साली शाळाशाळांतून हे वाचन सुरू केलं. पुढं राज्यानं संविधान दिन पाळायला घेतला, २०१५ पासून सबंध देशानं. माझं म्हणणं वाचन संपल्यावर काय, याबद्दल आहे.

मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. समन्स आणि नोटिसा घरोघर नेऊन देणं, जप्तीचा हुकूम बजावणं, दाराला नोटीस डकवून पंचनामा करणं यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर घाटाखालच्या आमच्या रेल्वेपट्ट्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी, दर रविवारी संध्याकाळी, एका वस्तीत संविधानातले हक्क शिकवायला बसतो. गावाचं आणि वस्तीचं नाव लिहीत नाही. ते लिहू नका असं तिथल्या बायकांनीच सांगितलं आहे आणि त्यांची कारणं मला पटली आहेत.

वस्ती कशी आहे तेवढं सांगतो. कापसाच्या हंगामात जिनिंगला जाणारे, एरवी हमाली आणि सेंट्रिंग करणारे पुरुष. धुणीभांडी करणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या बाया. बरीचशी कुटुंबं मोताळा, संग्रामपूर, मेहकर या तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेली. कोरडवाहू दोन-तीन एकरांत भागेना, म्हणून आलेली. गावाकडं त्यांचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंदलेलं होतं. इथं जागा सरकारी, म्हणजे घर आहे आणि नाहीही. १ जानेवारी २०११ ही तारीख तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण त्याआधीपासून राहतो हे सिद्ध झालं तरच अतिक्रमण कायम होण्याची आशा. म्हणून जुनं लाइट बिल आणि मतदार यादीची झेरॉक्स ट्रंकेत, देवाच्या फोटोमागं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली असते.

अशा वस्तीत ‘भारताच्या राज्यक्षेत्रात’ अशी सुरुवात करून कलम १४ वाचून दाखवलं तर पुढच्या रविवारी कुणी येत नाही. मी कलमाच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही. या आठवड्यात काय झालं, एवढंच विचारतो. कुणाच्या घराची रात्री झडती झालेली असते. कुणाला रेशन दुकानदारानं ‘अंगठा उठत नाही’ म्हणून परत पाठवलेलं असतं. भांडी घासून घासून बोटांच्या रेघाच गेलेल्या, तर अंगठा उठणार कसा? केवळ तेवढ्या कारणानं धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या सूचना आहेत हे त्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथून आम्ही कलम २१ कडे येतो, जगण्याच्या हक्काकडं. मग ते कलम तिला परकं वाटत नाही.

नोटिशीचा विषय निघाला की मी जरा जास्त बोलतो. नोटीस लागली म्हणजे घर गेलंच, असं समजून माणूस कागद न वाचताच हातपाय गाळतो, हे मी नोकरीत दारोदार पाहिलं. खरं तर नोटीस म्हणजे तुमचं म्हणणं मांडायची मुदत. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला, ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, सर्वोच्च न्यायालयात गेला, १९८५ साली निकाल लागला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयानं त्यात मानलं. त्या लोकांना फुटपाथवर कायम राहायची परवानगी मिळाली नाही, हेही मी वस्तीत स्पष्ट सांगतो. खोटी आशा देऊन हक्क शिकवता येत नाहीत. पण घर पाडण्याआधी माणसाला नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं, ही गोष्ट त्या फुटपाथवरच्या माणसांनी आपल्या सगळ्यांसाठी पक्की करून घेतली.

झडतीची गोष्ट तर थेट आपल्या भागाशी जोडलेली आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती सुचवली होती. नागरिकाचं घर, त्याचे कागद, त्याच्या वस्तू यांना मनमानी झडतीपासून संरक्षण हा मूलभूत हक्कच असावा, अशी ती होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली, तरी शेवटी सभागृहानं ती घेतली नाही. म्हणून आज घटनेत तसं वेगळं कलम नाही. पण कायद्यात बरंच आहे: झडतीला परिसरातले दोन पंच हवेत, जप्त केलेल्या वस्तूंची यादी घरमालकाला मिळाली पाहिजे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचं चित्रीकरणही व्हायला हवं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर असाधारण कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. हे ऐकताना वस्तीतल्या पोरांच्या माना वर होतात. त्याच घटना समितीत लक्ष्मण श्रवण भटकर बसले होते आणि पुढं १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते बुलढाणा-अकोल्याचे खासदार झाले, असं सांगितल्यावर एका म्हाताऱ्यानं ते नाव दोनदा म्हणायला लावलं. संविधान दिल्लीत कुणीतरी लिहिलं, असं वाटणं निराळं. त्या बाकांवर आपल्याकडचाही माणूस होता, हे कळणं निराळं.

एक अडचण मात्र सुरुवातीपासून आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. “हे त्याईचं हाये, आमाले काय करा लागते?” असं वस्तीतल्याच काही घरांतून ऐकू आलं. संविधान म्हणजे एका समाजाची, निळ्या झेंड्याची गोष्ट, असं बाकीच्यांनी ठरवून टाकलं आहे. ज्यांनी ते जिवापाड जपलं त्यांना त्याचं मोल कळलं होतं, हे त्यांचं मोठेपण. पण रेशनचं धान्य, पोराचा शाळाप्रवेश, पोलीस ठाण्यातली चोवीस तासांची मर्यादा, यातली कुठली गोष्ट जात विचारून मिळते? महात्मा फुल्यांचं चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील आपल्याच जिल्ह्यातले. घटना समितीतले पंजाबराव देशमुख शेजारच्या अमरावतीचे. हा वारसा सगळ्यांचा आहे, हे भाषणानं कुणाला पटलं नाही. पटलं ते एका पोराच्या प्रवेशामुळं.

पोरगा नऊ वर्षांचा. गावाकडची शाळा सुटली होती आणि तिथला दाखला आला नव्हता. इथल्या एका अनुदानित शाळेनं ‘दाखला आणा, मग बघू’ म्हणून आईला फिरवलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मी अर्ज लिहून दिला नाही. आई चौथी शिकलेली होती, तिनंच लिहिला. अक्षर मोठं, ओळी तिरक्या, पण ‘कलम ५’ हे तिनं दोनदा अधोरेखित केलं. अर्जाची दुसरी प्रत करायला लावली आणि सांगितलं, आवक-जावकच्या टेबलावर दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नको. कारकून म्हणाला, ठेवून जा. ती म्हणाली, “नाई जी, पोच पायजे.” तो पुन्हा म्हणाला, ठेवून जा. ती खिडकीपाशी उभीच राहिली. मागं रांग वाढत गेली आणि अखेर शिक्का बसला. बाहेर येऊन तिनं तो कागद मला दाखवला. “मामा, मले वाटलं हाकलतीन. पन देल्ला शिक्का!” त्याच आठवड्यात पोरगा वर्गात बसला. ‘हे त्याईचं’ म्हणणाऱ्या घरांतूनच पुढच्या रविवारी दोघी जणी वह्या घेऊन आल्या.

म्हणून मी स्वयंसेवकांना सांगतो, फळ्यावर शिकवून थांबू नका, खिडकीपर्यंत सोबत जा. आत जाऊ नका, बोलू तर बिलकूल नका. मागं उभे राहा. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, मुलांना, कोठडीतल्या माणसालाही मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्याच आवारात असते. ती वस्तीपासून फार लांब नसते, पण तिथं पहिल्यांदा जायला सोबत लागते.

इथवर एकेकट्याच्या हक्काचं झालं. अर्ज, पोच, माहितीचा अधिकार, मोफत वकील, या वाटेनं एक माणूस आपली एक गोष्ट मिळवू शकतो. पण वस्तीची नाली? पावसाळ्यात ती दारात येते. सार्वजनिक संडासाचं दार मोडलेलं आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही. यावर एकट्या बाईनं दिलेल्या अर्जाला नगरपालिकेचं उत्तर ठरलेलं असतं: प्रस्तावित आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची जी अठरा कामं दिली आहेत त्यांत पाणी आहे, स्वच्छता आहे, झोपडपट्टी सुधारणाही आहे. ही कामं कुणा एकाच्या मागणीची नाहीत, सगळ्यांनी मिळून विचारायची आहेत. कुठं विचारायची?

हीच माणसं गावात असती तर जागा होती. घटनेच्या कलम २४३-अ नं ग्रामसभा दिली आहे. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते आणि तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. ग्रामसभा सगळीकडे नीट चालतात असं मी म्हणणार नाही. पण सरपंचाला उठून विचारायचा हक्क तिथल्या मजूर बाईला कायद्यानं आहे. ती शहरात आली की हा हक्क तिच्या गावाच्या वेशीवरच राहतो. प्रभाग समित्या घटनेनं सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं शहर खामगाव, तेही लाखाच्या आत. मलकापूर, बुलढाणा, शेगाव, चिखली त्याहून लहान. म्हणजे जिल्ह्यातल्या एकाही नगरपालिकेला ती सक्ती लागू नाही.

त्यात आणखी भर पडली. नगरपालिकेची निवडणूक मुदत संपायच्या आत झाली पाहिजे असं कलम २४३-यू स्वच्छ शब्दांत सांगतं. तरी आमच्याकडं २०१६ अखेर निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासकच होता. वस्तीला विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला तेव्हा कुठं डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता नवे नगराध्यक्ष आहेत, नवे नगरसेवक आहेत, आरक्षणामुळं त्यांतल्या निम्म्या बाया आहेत. त्यांच्याकडं माझी मागणी एकच आहे, आणि तिला शासनाचा नवा निर्णय लागत नाही, नगरपालिकेचा ठराव पुरे: प्रत्येक प्रभागात दर तीन महिन्यांनी, वस्तीतच, संध्याकाळी कामावरून माणसं परतल्यावर सभा भरवा.

त्यानं राजकारण वाढेल, भांडणं होतील, असं एक नगरसेवक मला म्हणाले. होतील. भांडणं आजही होतात, नळावर होतात, तिथं त्यांची नोंद होत नाही आणि निकालही लागत नाही. सभेत निदान इतिवृत्त लिहिलं जाईल. लोकांना काय कळतं, असंही कुणी म्हणतं. त्याला उत्तर केरळच्या कोल्लम जिल्ह्यानं दिलं आहे. दहा वर्षांच्या वरच्या सर्वांना संविधान शिकवण्याची मोहीम तिथं घराघरांतून चालली, त्यासाठी स्वयंसेवक तयार केले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये तो देशातला पहिला संविधान-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. जिनिंगच्या दारावर रोजीचा हिशेब तोंडी करणाऱ्या आमच्या बायांना हे जमणार नाही असं मानायला काही आधार नाही.

सभेचं रजिस्टर मात्र हवं. आलेल्यांच्या सह्या, प्रत्येक मागणीपुढं जबाबदार खात्याचं नाव आणि मुदतीची तारीख, पुढच्या सभेत पहिला विषय मागच्या सभेतल्या मागण्यांचा. खाली नगरसेवकाची सही, आणि त्या पानाची झेरॉक्स वस्तीतल्या दोघा-तिघांकडं. रजिस्टर लिहायला वस्तीत पोरी तयार आहेत. ज्या वह्या घेऊन आल्या होत्या, त्यांतल्याच.