चिमूट तोंडात टाकण्याआधी



उठल्या उठल्या बोटावर मशेरी. बांधावर टेकलं की तळहातावर तंबाखू-चुना. एसटीची वाट बघताना पुडी, रात्रपाळीत झोप उडवायला बार. हात आपोआप जातो आणि का गेला, ते आपलं आपल्यालाच कळत नाही.

तव्यावर भाजून काळी केली तरी मशेरी तंबाखूच असते. गालातून, हिरडीतून निकोटीन रक्तात उतरतं, घटकाभर बरं वाटतं. अंमल ओसरला की चिडचिड होते, म्हणून पुन्हा चिमूट. त्या घटकाभरात भूक मरते, कंबरेच्या दुखण्याचा विसर पडतो, घरातलं लागलेलं बोलणं गिळलं जातं. शरीर आणि मन काहीतरी सांगत असतात. आपण त्यांना गप्प करतो. पुढे सुपारी-गुटख्याने जबडा आखडतो, घास जाण्याएवढंही तोंड उघडत नाही. तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर बाईने मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. म्हणून कायद्याची वाट बघू नका. उद्या सकाळपासून एवढं करा: प्रत्येक चिमटीआधी थांबा आणि स्वतःला विचारा, मला आत्ता काय होतंय? भूक असेल तर भाकरी खा. थकवा असेल तर पाठ टेका. राग असेल तर ज्याच्यावर आहे त्याच्याशी बोला. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातील, डोकं दुखेल, झोप उडेल. ते दुखणं टिकणारं नाही.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर लगेच दवाखाना गाठा.

घरच्यांनो, सोडणाऱ्याला टोमणे मारू नका. पुन्हा घेतली तरी पुन्हा साथ द्या. पोरांना पुडी आणायला पाठवणं आजच बंद करा. आणि आज रात्री उशाशी डबी ठेवू नका.