खुंटीवरची बंदूक

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण परक्यांशी नाही, घरच्यांशीच आहे. (पुतण्यांनो, वाचत असालच. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. इथे मधेच तोडता येत नाही, म्हणून इथे लिहितो.)

विषय बंदुकीचा. गावठी कट्टे बाळगणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांच्यासाठी पोलीस आहेत. मी बोलतोय परवान्याच्या बंदुकीबद्दल. ती चांगल्या घरात असते, खंडेनवमीला बाहेर येते, हळदकुंकू लावून घेते आणि परत कपाटात जाते. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिच्यातून एक बार उडालेला नसतो. मालकाला विचारलं की कशाला ठेवलीय, तर उत्तर ठरलेलं : "असू दे, घरात असावी."

माझं म्हणणं, नसावी.

आमच्या घरची बारा बोअरची दुनळी वडिलांनी घेतली ती रझाकारांच्या धामधुमीत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण या गोष्टी ऐकतच वाढलो. बार्शी तालुक्याची शीव म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्याची शीव. पलीकडून माणसं पोराबाळांसकट, गाठोडी घेऊन रात्रीबेरात्री अलीकडे यायची. गावात आळीपाळीने गस्त असायची. त्या दिवसांत बंदुकीला काम होतं, ते मी नाकारत नाही. पण १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आत शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि आमच्या बंदुकीची नोकरी तिथेच संपली. पुढे काही वर्षं ससे आणि तित्तर यांच्यावर तिने दिवस काढले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तेही बंद झालं. (बरंच झालं. आपल्या नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य करावं लागलं, ते हा पक्षी संपत चालला होता म्हणूनच. त्याला मारण्यात बंदुकांचाही हात होताच.)

म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ ही बाई पगारावर आहे आणि काम शून्य. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेने नारळ दिला, हिला अजून कुणी निवृत्त करत नाही!

वडिलांनंतर परवाना दादांच्या नावावर आला. गेल्या वर्षी दादा गेले. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. तशी ती जमा झाली. आता थोरल्या पुतण्याला ती स्वतःच्या नावावर करून परत आणायची आहे. वारसाला तसा अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. इतर वारसांची ना-हरकत मात्र मागतात, आणि वहिनी सही करत नाहीत. त्यावरून घरात सहा महिने धुसफूस चालू आहे. "आईला कळत नाही, ती भावनेच्या भरात आहे," असं मला सांगण्यात आलं, आणि "काका, तुम्ही समजवा," असंही.

मी वहिनींना समजावणार नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतो.

पहिला मुद्दा संरक्षणाचा. वस्तीवर राहतो, रात्री दरोडा पडला तर? ठीक. बंदूक ठेवणार कुठे? कुलुपात ठेवली, काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ली तिसऱ्याच ठिकाणी, तर चोर दारात आल्यावर तुम्ही अंधारात किल्ली शोधणार. आणि भरून उशाशी ठेवली, तर घरात सात आणि नऊ वर्षांची दोन पोरं आहेत. यातलं एक निवडावं लागतं. सुरक्षित ठेवलेली बंदूक वेळेला उपयोगी पडत नाही आणि वेळेला हाताशी येईल अशी ठेवलेली सुरक्षित नसते. शिवाय ज्याने तीस वर्षांत एक बार काढला नाही तो त्या रात्री नेम धरणार कसा? सायकलसुद्धा तीस वर्षांनी चालवायला घेतली तर माणूस पहिल्या वळणावर पडतो.

१ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवा. अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी लागली, ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली, मुंबईत, स्वतःच्या घरात, पहाटे. चोर नव्हता, भांडण नव्हतं. नुसती ठेवलेली वस्तू ठेवण्यातच सुटली. नशीब म्हणून पायावर निभावलं.

एका गोष्टीबद्दल मी फार लिहिणार नाही. शेतकऱ्याच्या घरात वाईट वर्षं येतात, माणसाच्या मनात नको ते येतं, आणि अशा रात्री हातापाशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. वहिनींनी दादांची तशी दोन वर्षं पाहिली आहेत. तेव्हा किल्ली त्यांनी स्वतःच्या कमरेला ठेवली होती. त्यांना "कळत नाही" म्हणण्यापूर्वी हे आठवावं.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा, आणि खरा मुद्दा हाच आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बंदूक असलेलं घर म्हणजे मोठं घर. आमच्या लहानपणी ते चालायचं. आज त्या प्रतिष्ठेचं काय झालंय ते बीडमध्ये पाहा. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि मग जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ फिरू लागले. चौकशी सुरू झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. त्यातल्या बहुतेकांनी अर्जात काय लिहिलं असेल? आत्मसंरक्षण! वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तशी कलमं सरकार हौसेने घालत नाही. एरवी न उडणारी बंदूक उडते ती अशा वेळी, चार मित्र आणि दोन पेले जमल्यावर.

आमचा पुतण्या तसा नाही, हे मी छातीठोक सांगेन. पण नातवंडांची लग्नं व्हायची आहेत, आणि त्यांच्या मित्रांना मी ओळखत नाही.

धाकट्याने मला मोबाइलवर एक मजकूर पाठवला : गांधीजींनीही शस्त्र कायद्याचा निषेध केला होता. केला होता. पण कोणत्या कायद्याचा? १८७८ च्या. तो हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा आणि गोऱ्यांना मोकळीक देणारा कायदा होता. आणि ते पत्रक १९१८ चं, खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या प्रचाराचं. आजचा कायदा कलेक्टरला आणि आपल्याला सारखाच लागू आहे. अर्धवट इतिहास वर्गात कुणी सांगितला असता तर मी बाकावर उभं केलं असतं.

दुसरा एक जण म्हणाला, सोलापूर ही हुतात्म्यांची भूमी, इथे शस्त्राची परंपरा आहे. बाबा रे, मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा लागला तो रस्त्यावर उतरलेल्या माणसांच्या गर्दीमुळे. गोळ्या झाडत होतं ते सरकार. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांची नावं दुनळीच्या दस्त्याला चिकटवू नका.

राहिली खंडेनवमी. यंत्रमागवाला मागाची पूजा करतो, सुतार पटाशीची, मी पुस्तकांची करत आलो. ही सगळी वर्षभर राबलेली हत्यारं आहेत. दादांची पाभर गोठ्यात पडलीय, तिने चाळीस पेरण्या केल्या. तिला कुणी हळदकुंकू लावत नाही, आणि जिने काहीच केलं नाही तिला पाट!

"वडिलांची आठवण" हे मात्र मला मान्य आहे. तेवढी एक गोष्ट खरी आहे, आणि मलाही लागते. पण आठवणीला वर्षानुवर्षं नूतनीकरण, ठाण्याच्या फेऱ्या आणि निवडणूक आली की पुन्हा जमा करावी लागेल का ही धास्ती लागत नाही. वडिलांची टोपी आणि गस्तीचा कंदील आहेच की. आणि एक सांगा, ती घरात नसलेल्याला अकरा महिने झाले. कुणाचं काय अडलं? भिंतीवरची खुंटी रिकामी आहे हे पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. धाकट्या नातवाने तिला दप्तर अडकवलंय.

तेव्हा थोरल्या, ना-हरकतीचा कागद वहिनींपुढे परत ठेवू नकोस. परवानाधारक विक्रेत्याला विकता येते, नाहीतर सरकारजमा करता येते. मी पुढच्या रविवारी बार्शीच्या गाडीने येतोय. अर्ज तिथेच बसून लिहू. अक्षर माझं अजून बरं आहे.