कुत्रा मोकळा कधी सोडावा?

माझं काम पिकाचं. पण पिकापर्यंत पोचायला आधी वस्ती ओलांडावी लागते आणि वस्तीवर पहिली गाठ पडते ती कुत्र्याशी. मोटारसायकल थांबवायची, पाय वर घ्यायचे आणि हाळी द्यायची, "अहो पाटील, कुत्रं धरा!" आतून ठरलेलं उत्तर येतं, "या की साहेब, काही करत नाही ते." टपालवाला, वायरमन, दूध गोळा करणारा, वस्त्यांवर फिरणारी आशाताई, या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. काहींनी ते ऐकून नंतर दवाखान्यात सुयाही घेतल्या आहेत.

यात माझीही एक चूक आहे, ती आधी सांगतो. 2022 च्या उन्हाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर चार महिन्यांचं पिल्लू होतं. हाक मारली की यायचं, शेळ्यांत लोळायचं. मीच मालकाला म्हणालो, "गुणी आहे. बांधून कशाला ठेवता, सोडा की." त्यांनी सोडलं. पावसाळा संपता संपता त्याच कुत्र्यानं शाळेतून येणाऱ्या एका मुलीची पोटरी धरली. मालकाचं म्हणणं एकच, "आजवर कुणाला चावलं नव्हतं हो." पोरीला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. पुढं कितीतरी दिवस ती त्या वाटेनं जाईना. आणि कुत्र्याला एका रात्री पोत्यात घालून लांबच्या बाजारगावी सोडून दिलं. म्हणजे घाई आमची, शिक्षा कुत्र्याला, आणि त्रास तिसऱ्याच गावाला.

मी पिकं बघणारा माणूस. ज्वारी हुरड्यात आली म्हणून कुणी मळणी करत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी हुरडा बघून मळणीचा सल्ला दिला.

खोंडाचं बघा. खोंड औताला धरताना आपण दात बघतो, अंग बघतो. आधी नुसतं जू मानेवर ठेवतो, जुन्या बैलाशेजारी चालवतो, मग ओंडका ओढायला लावतो आणि शेवटी औत. एवढा धीर आपल्याकडे आहे. मग कुत्र्याच्याच बाबतीत पहिल्या भुंकण्यावर "तयार झालं" असं का म्हणायचं?

कुत्र्याचं पक्व होणं टप्प्याटप्प्यानं असतं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. तिथून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत ते जे बघेल ते त्याला आपलं वाटतं. म्हातारी माणसं, टोपीवाले, पोरं, ट्रॅक्टर, कोंबड्या, सगळं याच दिवसांत दाखवावं. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत ते आजारी आणि मोकाट कुत्र्यांत जाऊ देऊ नये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तसे. सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ मिसरूड फुटलेल्या पोरासारखा. काल ऐकणारं कुत्रं आज ऐकत नाही, अनोळखी माणसावर पहिल्यांदा धावून जातं. आमचा घोटाळा इथंच झाला. चार महिन्यांच्या पिल्लाचा स्वभाव हा कायमचा स्वभाव नव्हे. म्हणून वर्षाच्या आत कुत्र्याला "पास" करू नये. थोराड जातीचं असेल तर दोन वर्षांपर्यंत थांबायची तयारी ठेवावी.

मग पारख कशी करायची? कुत्रा दोरीवर ठेवून, मोठ्या माणसांनीच.

अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, तर मालकाच्या एका शब्दावर गप्प होतं का? शेळ्या-कोंबड्यांतून सैल दोरीनं चालतं का? दुसरं कुत्रं दिसत असताना हाक मारली तर मागं फिरतं का? कान, पंजा, तोंड तपासू देतं का, गोचीड काढू देतं का? जेवताना मालक जवळून गेला तर गुरगुरतं का? मालक चार मिनिटं नजरेआड झाला तर शेजाऱ्याजवळ शांत राहतं का?

हे एकदा जमलं म्हणजे झालं असं नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांसमोर, आधी आपल्या अंगणात, मग शेजारच्या वस्तीवर, मग बाजाराच्या कडेला, असं पुन्हापुन्हा जमायला हवं, तेही ओरडल्या-मारल्याशिवाय. एकदा जरी दात दाखवले तरी अजून वेळ आहे असं समजावं. आजारी कुत्रं, माजावरची किंवा पिलं असलेली कुत्री यांची परीक्षा त्या काळात घेऊच नये. आणि पारखीसाठी लहान मूल कधीही पुढं करू नये, बरं का.

अमेरिकन केनेल क्लबनं 1989 साली घरगुती कुत्र्यांसाठी दहा कसोट्यांची अशी परीक्षा सुरू केली. तिला कुठल्याही जातीचं कुत्रं चालतं. गुरगुरलं किंवा अंगावर गेलं की ते बाद. तिथल्या साहेबांचं सगळं आपल्याला लागू नाही, पण माणसांत वागायची परीक्षा असावी, हा विचार आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, कुत्रं एवढं गरीब केलं तर राखण कोण करणार? उसात बिबट्या आहे, मोटारीची केबल रात्रीत जाते." शंका रास्त आहे. पण राखणीच्या कुत्र्याचं काम जागं राहणं आणि जागं करणं. बिबट्याशी झुंजणं त्याच्या आवाक्यातलं नाही. बिबट्याला तर कुत्रं ही सोपी शिकार. धनगरांचं कुत्रं बघा. मेंढरांबरोबर गावोगाव फिरतं, कोकरांशेजारी झोपतं, रात्री लांडग्याच्या वासानं रान उठवतं. ते जुन्या कुत्र्याशेजारी, माणसांत आणि कळपात शिकलेलं असतं. जे कुत्रं सगळ्यांनाच चावतं, त्याला चोर आणि पाहुणा यातला फरक कळलेलाच नसतो. दिवसभर साखळीला बांधून चिडवलेलं कुत्रं तिखट होत नाही, भेदरट होतं. आणि भेदरलेलं कुत्रंच आधी दात लावतं.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, पाळलेल्या जनावराचा पुरेसा बंदोबस्त ठेवला नाही तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट रेबीजची. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच समजायचं. चावलं तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

माझी विनंती एवढीच. "काही करत नाही ते" हे वाक्य म्हणण्याआधी ते खरं करा. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, पैसा फारसा लागत नाही. ती मुलगी आता पुन्हा त्याच वाटेनं शाळेला जाते, पण हातात काठी घेऊन. आपल्या वस्तीवरून जाणाऱ्या पोरांना काठी लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?